कोहिनूर कमरपट्ट्यात, कलिनन टपालात



कोहिनूर हिरा परत आणा, ही मागणी आपल्या देशात दर चार-दोन वर्षांनी वर येते. २०१६ साली हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. तेव्हा सरकारच्या वकिलांनी सांगितले की हा हिरा चोरून किंवा बळजबरीने नेलेला नाही. त्यावर देशभर गदारोळ झाला आणि सरकारला सारवासारव करावी लागली. २०२२ साली इंग्लंडची राणी एलिझाबेथ वारली तेव्हा पुन्हा तीच चर्चा झाली. २०२३ च्या मे महिन्यात तिकडे राज्याभिषेक झाला. नव्या राणीने कोहिनूरचा मुकुट घातला नाही, दुसरा घातला, त्यात कलिनन नावाच्या हिऱ्याचे तीन तुकडे बसवले होते. आपल्याकडच्या काही बातम्या वाचून असे वाटावे की निम्मा कोहिनूर घरी आलाच.

माझे मत विचाराल तर हिरा परत यावा. २९ मार्च १८४९ च्या लाहोरच्या तहात तो ज्याच्याकडून लिहून घेतला तो महाराजा दुलीपसिंग तेव्हा दहा वर्षांचा पोर होता. दहा वर्षांच्या मुलाची सही आपल्या सोसायटीच्या कर्जाच्या अर्जावरसुद्धा चालत नाही. तेव्हा त्या तहाला खुशीची भेट म्हणणे म्हणजे शुद्ध थट्टा आहे.

पण या सगळ्या वादात एक गोष्ट मला खटकते. हिऱ्याचा इतिहास म्हटला की कोणत्या राजाकडून कोणत्या राजाकडे गेला याची वंशावळ सांगतात. तो जमिनीतून काढला कोणी, घासला कोणी, एका देशातून दुसऱ्या देशात पोचवला कोणी, याविषयी कोणी बोलत नाही. आपण रेल्वे आणि टपालवाले पोचवण्याच्याच धंद्यातले आहोत. म्हणून महासंघाच्या या पानांवर हा विषय मांडतो आहे. मी दहावी पास माणूस, रत्नपारखी नाही. पण वाचले ते आपल्या लोकांना सांगावे असे आहे.

कोहिनूर लाहोरहून मुंबईला कसा आला ते पहा. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने तो स्वतः आणला. कमरपट्ट्यात शिवून घेतला होता आणि रात्री झोपताना जवळ दोन कुत्रे साखळीने बांधलेले असत. हे त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवले आहे. लाखोंची फौज ज्याच्या हुकमात, त्या माणसाला एक दगड पोचवण्यासाठी एकही विश्वासाचा हात सापडला नाही, दोन कुत्रे सापडले! मुंबईच्या खजिन्यात तो हिरा काही दिवस राहिला आणि एप्रिल १८५० मध्ये 'मीडिया' नावाच्या लढाऊ जहाजातून निघाला. जहाजात काय आहे हे खलाशांना सांगितले नव्हते. वाटेत जहाजावर पटकी झाली. खलाशी मेले ते कशासाठी, हे त्यांना ठाऊकसुद्धा नव्हते.

डलहौसी हे नाव आपल्या दोन्ही खात्यांतल्या माणसाला नवीन नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी सुटली ती त्याच्याच कारकिर्दीत, आणि १८५४ साली अर्ध्या आण्यात देशभर कुठेही पत्र पाठवण्याची सोय झाली तीही त्याच्याच कारकिर्दीत. त्याने ही दोन खाती आपल्या कल्याणासाठी काढली असे मी म्हणत नाही. फौज हलवायला आणि कापूस बंदरापर्यंत न्यायला ती काढली. पण ती चालवली कोणी? सांधेवाल्यांनी, गँगमननी, सॉर्टरांनी, हरकाऱ्यांनी. त्यांनी दिवसरात्र राबून जी शिस्त उभी केली तिचे मोल किती, हे पन्नास-पंचावन्न वर्षांनी एका दुसऱ्या हिऱ्याने दाखवून दिले. तो प्रवास हिंदुस्थानात झाला नाही, पण आपल्याच धंद्यातल्या लोकांच्या हातून झाला, म्हणून तो सविस्तर सांगतो.

दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवाल प्रांतात प्रीमियर नावाची खाण होती. तिथे २६ जानेवारी १९०५ रोजी ३१०६ कॅरेटचा हिरा सापडला. एक कॅरेट म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग, म्हणजे हा दगड सहाशे ग्रॅमच्या वर भरला. आजवर सापडलेल्या रत्नाच्या प्रतीच्या हिऱ्यांत एवढा मोठा दुसरा नाही. २०२४ साली बोट्स्वानात २४८८ कॅरेटचा सापडला, तोही याच्या मागेच. हिऱ्याला नाव दिले ते खाणमालक टॉमस कलिनन याचे.

हा दगड लंडनला पाठवायचा कसा? मालकांनी मोठा गाजावाजा केला. एका बोटीवर लंडनचे गुप्त पोलीस चढवले, कप्तानाच्या तिजोरीत समारंभाने एक पार्सल ठेवले आणि प्रवासभर त्यावर पहारा बसवला. त्या पार्सलात खरा हिरा नव्हताच. खरा कलिनन साध्या खोक्यात घालून रजिस्टर टपालाने रवाना केला होता, आणि तो बिनबोभाट लंडनला पोचला.

पुढे १९०७ साली ट्रान्सवालच्या सरकारने तो दीड लाख पौंडांना विकत घेऊन इंग्लंडच्या राजाला भेट दिला. बोअर युद्ध संपून पाच वर्षे झाली होती. हरलेल्यांनी जिंकलेल्यांना नजराणा द्यायचा, ही चाल आपल्यालाही माहीत आहे. मग तो घासण्यासाठी हॉलंडमध्ये ॲम्स्टरडॅमला न्यायचा होता. १९०८ च्या जानेवारीत पुन्हा तोच खेळ झाला. इंग्लंडच्या आरमाराचे जहाज वाजतगाजत एक पेटी घेऊन समुद्रापार गेले. पेटी रिकामी होती आणि कप्तानालाही ते माहीत नव्हते. खरा हिरा ॲशर नावाच्या कारखानदाराने कोटाच्या खिशात टाकला आणि तो सरळ रेल्वेने व रात्रीच्या बोटीने, चारचौघा उतारूंसारखा, घरी गेला.

बंधूंनो, हा प्रसंग लोक मालकांच्या चातुर्याची गोष्ट म्हणून सांगतात. मी तो तसा वाचत नाही. रिकामी पेटी आरमाराकडे सोपवली आणि भरलेले खोके टपालवाल्यांकडे सोपवले, ते का? टपालात प्रत्येक टप्प्यावर नोंद होते, घेणारा सही करतो, देणारा सही घेतो, आणि पाकिटात काय आहे याची चौकशी न करता ते जसेच्या तसे पुढे जाते. ही खात्री तोफांनी मिळत नाही. हजारो माणसांनी वर्षानुवर्षे इमानाने काम केले की ती तयार होते. आमच्या स्टेशनवर आर.एम.एस.चा डबा लागायचा तेव्हा मी पाहिले आहे. गाडी दोन मिनिटे थांबो की पाच, पिशवीचे सील पाहिल्याशिवाय आणि यादीशी मोजणी जुळल्याशिवाय सॉर्टर पिशवी हातात घेत नसे. गार्ड शिट्टी घेऊन उभा, स्टेशन मास्तर घाईला आलेला, आणि हा आपला शांतपणे मोजतो आहे! तेव्हा राग यायचा. पण कलिनन पोचला तो अशाच शांतपणे मोजणाऱ्यांमुळे.

आता खाणीकडे वळू. गोवळकोंड्याच्या राज्यात कृष्णेच्या काठी कोल्लूर नावाची हिऱ्याची खाण होती. ते गाव आता पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. सतराव्या शतकात टॅव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या तिथे आला होता. तो लिहितो की त्या खाणीवर साठ हजारांच्या आसपास माणसे राबत होती, त्यात बाया होत्या, पोरे होती. पुरुष खणत आणि बाया-पोरे माती वाहून नेत. दुसऱ्या एका खाणीवरच्या कसबी कामगाराची मजुरी त्याने लिहून ठेवली आहे, वर्षाला तीन होन. पोट भरत नाही म्हणून माणूस एखादा खडा लपवायचा. एकाने डोळ्याच्या कोपऱ्यात लपवला तोही पकडला गेला. म्हणून व्यापाऱ्यांनी दर पन्नास मजुरांमागे बारा ते पंधरा राखणदार ठेवले होते. राखणदारांवर खर्च करायला पैसा होता, मजुरी वाढवायला नव्हता. हा हिशेब आजही कित्येक कारखान्यांत असाच चालतो. आणि एखाद्या मजुराला खरोखरच मोठा हिरा सापडला आणि त्याने तो मुकाट मालकाच्या हातात दिला, तर बक्षीस काय? डोक्याला बांधायला पागोट्याचे कापड, थोडी रोकड, तांदूळ आणि साखर. जगातल्या राजांच्या मुकुटात जाऊन बसलेल्या दगडांची ही मूळ किंमत.

दोनशे वर्षांनी आफ्रिकेत काय सुधारणा झाली? १८८० च्या दशकात किंबर्लीच्या हिरेखाणीवर मालकांनी काळ्या कामगारांसाठी बंदिस्त वाडे उभे केले. कराराची मुदत संपेपर्यंत माणसाने त्यातून बाहेर पडायचे नाही. मुदत संपली की शेवटचे काही दिवस कपडे काढून, हातांना पिशव्या बांधून कोठडीत ठेवायचे आणि जुलाब द्यायचे, हिरा गिळला असेल तर बाहेर पडावा म्हणून. कपडे उतरवून झडती घेण्याचा हा नियम गोऱ्या कामगारांनाही लावायला घेतला तेव्हा त्यांनी संप केला. १८८४ साली त्या संपावर गोळीबार झाला आणि संपकरी मेले. पण गोऱ्या कामगारांचा तो लढा गोऱ्यांपुरताच राहिला. काळा कामगार वाड्यातच राहिला आणि गोऱ्यांनी त्याची बाजू घेतली नाही. एका खाणीत, एका धुळीत काम करून माणसे अशी वेगळी राहिली की मालकाचे काम सोपे होते, हे आपल्या कॅटेगरीवार संघटनांनीही जरा ध्यानात घ्यावे.

कलिनन ॲम्स्टरडॅमला पोचल्यावर काय झाले ते तर मला हिऱ्यापेक्षाही मोलाचे वाटते. १० फेब्रुवारी १९०८ रोजी ॲशर बंधूंपैकी जोसेफने पहिला घाव घातला तेव्हा पातेच तुटले, हिरा तसाच राहिला. दुसऱ्या पात्याने तो फुटला. मग तिघा कारागिरांनी रोज चौदा तास, आठ महिने, तो घासला. त्यातून नऊ मोठे हिरे आणि शहाण्णव लहान निघाले. सर्वांत मोठा ५३० कॅरेटचा इंग्लंडच्या राजदंडात आहे, त्याच्या खालचा ३१७ कॅरेटचा मुकुटात आहे. हे सगळे पुस्तकांत असते. पुस्तकांत सहसा नसते ते असे की त्याच शहरात १८९४ साली हिरे घासणाऱ्यांची संघटना स्थापन झाली होती. हेन्री पोलाक हा तिचा पुढारी, स्वतः हिरा कामगार. त्या आधी या धंद्यात कामगारांची अनेक शकले होती. मोठे हिरे घासणारे वेगळे, बारीक घासणारे वेगळे, ज्यू वेगळे, ख्रिस्ती वेगळे. १८९४ च्या संपात ती सगळी एका छताखाली आली. संघटनेने वर्गणी मोठी ठेवली, संप निधी उभारला, वाचनालय काढले, स्वतःची इमारत बांधली, आणि १९११ साली आठ तासांचा दिवस मिळवला. हॉलंडमध्ये आठ तास मिळवणारी ती पहिली संघटना. म्हणजे कलिननवर रोजचे चौदा तास झिजले त्यानंतर तीन वर्षांतच त्या धंद्यात घड्याळ आठ तासांवर आले. पुढे नाझींनी हॉलंड व्यापला आणि त्या ज्यू हिरा कामगारांपैकी बहुतेकांना छावण्यांत नेऊन मारले. ती हानी वेगळीच, तिचा हिशेब कोणत्याही जवाहिऱ्याच्या वहीत बसत नाही.

आपल्याकडे मे १९७४ चा रेल्वे संप झाला तेव्हा लोको रनिंग स्टाफला आठ तासांचे काम ही मागणी होती. मी तेव्हा शाळकरी पोर होतो, पण त्या संपाने कित्येकांच्या घरची चूल थंड केली हे पाहिलेली माणसे अजून आहेत. ॲम्स्टरडॅमच्या कारागिरांना १९११ साली जे मिळाले त्यासाठी आपल्याला त्रेसष्ट वर्षांनंतरही तुरुंगात जावे लागले.

आणि आज? आज जगातले दहापैकी नऊ हिरे आपल्याच देशात घासले जातात, त्यातले बहुतेक सुरतेत. तिथल्या कामगाराला 'रत्नकलाकार' म्हणतात. नाव किती गोंडस! पण हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही, भविष्य निर्वाह निधी बहुतेकांना नाही. नगावर मजुरी. मंदी आली की दिवाळीची सुट्टी लांबते आणि मग काही कारखाने उघडतच नाहीत. २००८ साली असेच झाले, हजारोंच्या संख्येने माणसे काठेवाडात आपापल्या गावी परतली. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे हिरे बाजाराची अवाढव्य इमारत उघडली, आणि त्याच सुमारास कामगारांचे कामाचे दिवस कापले जात होते. आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. २०२५ च्या मार्चअखेर हे लोक मजुरीवाढीसाठी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी अमेरिकेने जकात वाढवली आणि होते तेही काम घटले. ॲम्स्टरडॅमला जे १८९४ साली जमले ते सुरतेत अजून पुरते जमलेले नाही. तिथेही संघटना आहे, ती धडपडते आहे, पण तिच्यामागे आपल्यासारख्या जुन्या, मजबूत संघटनांनी उभे राहायला हवे. सुरत, उधना, नवसारी भागात आपले रेल्वेचे आणि टपालाचे हजारो सभासद आहेत, त्यात खानदेशातले मराठी भाऊ पुष्कळ आहेत. शेजारच्या गल्लीत काय चालले आहे ते त्यांना दिसते. मुंबई सेंट्रलच्या आमच्या लोकांना आंगडिये ठाऊक आहेत, जे हिऱ्यांची पुडकी घेऊन रातोरात गाडीने सुरतेला जातात. ज्या गाडीतून ती पुडकी जातात तिच्या चालकाला पेन्शनचा हक्क आहे, जुन्या-नव्याचा वाद असला तरी आहे. ज्याच्या बोटांनी त्या पुडक्यातले खडे चमकतात त्याला काहीच नाही.

थोडे आपल्या नाशिकविषयी. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणून सांगितला जाणारा एक हिरा होता, सुमारे नव्वद कॅरेटचा. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती लागला आणि लंडनच्या बाजारात विकला गेला. तिकडे त्याचे नाव 'नस्साक', म्हणजे आपले नाशिकच. इंग्रजांच्या जिभेला वळले नाही. लंडनला तो एकदा कापला, १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने पुन्हा कापला. आता तो ४३ कॅरेटच्या जरा वर उरला आहे. कोहिनूरचेही तेच. इकडून गेला तेव्हा १८६ कॅरेटचा, १८५२ साली लंडनला कापून १०५ चा केला. तेव्हा परत आणायचे म्हणता ते नेमके काय परत येणार, हाही विचार करा. निम्मा माल तर तिकडच्या घासणीच्या चाकावर भुकटी होऊन गेला.

याच विन्स्टनने १९५८ साली एक काम केले ते पोस्टमन बंधूंनी जरूर वाचावे. टॅव्हर्निएने हिंदुस्थानातून एक निळा हिरा नेला होता आणि फ्रान्सच्या चौदाव्या लुईला विकला होता. तो फ्रान्सच्या क्रांतीच्या धामधुमीत १७९२ साली चोरीला गेला, कापला गेला आणि 'होप' या नावाने लंडनमध्ये पुन्हा वर आला. होप हे एका धनिकाचे आडनाव. विन्स्टनने तो अमेरिकेच्या सरकारी संग्रहालयाला देऊन टाकला आणि पाठवला कसा, तर ८ नोव्हेंबर १९५८ रोजी खाकी कागदात गुंडाळून, रजिस्टर टपालाने. टपालखर्च २ डॉलर ४४ सेंट आणि विम्याचे १४२ डॉलर ८५ सेंट. दोन दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये जेम्स टॉड नावाच्या पोस्टमनने ते पार्सल संग्रहालयाच्या दारात नेऊन दिले, सही घेतली. त्याचा फोटोही निघाला. ते खाकी वेष्टण, तिकिटांसकट, तिथल्या टपाल संग्रहालयाने जपून ठेवले आहे.

पुढच्या काळात त्या टॉडच्या पायावरून ट्रक गेला, त्याच्या घराला आग लागली. लगेच लोक म्हणू लागले, हिऱ्याचा शाप! होप हिऱ्याच्या शापावर पुस्तके आहेत, सिनेमे आहेत. कोहिनूरच्या शापावरही आहेत, आणि 'मीडिया' जहाजावरच्या पटकीचे खापरही त्याच शापावर फोडतात. मला याचा मनस्वी संताप येतो. पटकी घाण पाण्याने होते. पोस्टमनचा पाय ट्रकखाली जातो कारण तो आयुष्यभर रस्त्यावर काम करतो. आमचा गँगमन कामावर असताना गाडीखाली सापडतो तेव्हा शापाचे नाव कोणी घेत नाही, चौकशीच्या कागदावर 'स्वतःची निष्काळजी' असे लिहून मोकळे होतात. राजाला इजा झाली तर शाप आणि कामगाराला झाली तर निष्काळजी, असा हा न्याय आहे. टॉडच्या बाबतीत मात्र शाप आठवला, कारण त्याच्या हातात चार क्षण हिरा होता.

शेवटी मूळ मुद्दा. २०२५ साली आपल्या देशात रजिस्टर टपाल ही स्वतंत्र सेवा बंद करून ती स्पीड पोस्टात विलीन करण्यात आली. नोंदणीची सोय स्पीड पोस्टावर जादा पैसे भरून ठेवली आहे, हे मला मान्य आहे. वेग वाढतो, कागद कमी होतो, संगणकावर पार्सल कुठे आहे ते दिसते, हेही मान्य. आधुनिकीकरणाला आपला विरोध कधीच नव्हता. पण रजिस्टर पत्र हे गरिबाचे कायद्याचे हत्यार होते. नेमणुकीचा कागद, कोर्टाची नोटीस, शेताच्या वाटणीची बाब, कमी केलेल्या कामगाराने मालकाला लिहिलेले पत्र, सारे त्यातून जायचे आणि पोचपावती परत यायची. ती सेवा साधारण माणसाला आता महाग पडते. आणि ज्या हातांवर विश्वास ठेवून कलिनन आणि होप टपालात टाकले, ते हात कायम नोकरीतले होते. आज मेल व्हॅनमधून, सॉर्टिंगमधून, पार्सल ऑफिसातून कायम माणूस कमी होतो आहे आणि कंत्राटी माणूस येतो आहे. कंत्राटी माणूस कमी इमानी असतो असे मी मुळीच म्हणत नाही. तो आपलाच मुलगा, आपलाच भाचा असतो. पण ज्याची नोकरी अकरा महिन्यांत संपते त्याने कुठल्या वहीत केलेल्या सहीला कोण जबाबदार राहणार? सही राहील, माणूस नसेल. ग्रामीण डाकसेवक वर्षानुवर्षे मनीऑर्डरी आणि विम्याचे पैसे दारोदार नेतो, पण तो अजून पूर्ण सरकारी नोकर नाही. मग खात्याला राखणदार वाढवावे लागतील, कॅमेरे लावावे लागतील, पन्नास मजुरांमागे पंधरा राखणदार ठेवणाऱ्या त्या खाणीवरच्या व्यापाऱ्यांसारखे.

माझी महासंघाला सूचना आहे की येत्या कार्यकारिणीत दोन ठराव घ्यावेत. पहिला, विलीनीकरणाच्या आधीच्या तीन वर्षांत आणि नंतर नोंदणीच्या किती वस्तू गहाळ झाल्या, किती पोचपावत्या परत आल्या आणि किती तक्रारी झाल्या, याचे सर्कलवार आकडे टपाल खात्याने जाहीर करावेत. सेवा सुधारली असेल तर आकडे लपवायचे कारण नाही. दुसरा, सुरतेच्या रत्नकलाकारांच्या संघटनेला आपल्या तिथल्या शाखांनी कचेरीसाठी जागा आणि हिशेब-पत्रव्यवहारासाठी माणूस द्यावा. आमच्या विभागाने यासाठी दर सभासदामागे दहा रुपये काढायची तयारी कळवली आहे. इतर विभागांनी आपापले आकडे पुढच्या महिन्याच्या आत कळवावेत, म्हणजे ठरावाबरोबर ते मांडता येतील.